मागच्या डिफरन्शियलचा आवाज आणि चार वेळा चुकलेलं निदान

मिरज, जि. सांगली
दिनांक : १९ जानेवारी २०२६

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय

विषय : ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीतल्या आवाजाचं चुकीचं निदान, विनाकारण बदललेली बेअरिंग आणि वॉरंटी संपल्यावर हातात दिलेलं २,६४,००० रुपयांचं इस्टिमेट

महोदय,

मी मिरजेत तंबोरे आणि सतारी बनवतो. वाद्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या शेतांतून आणावे लागतात. पावसानंतर तिथल्या काळ्या रानात साधी गाडी घातली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो, म्हणून १२ नोव्हेंबर २०२२ रोजी आपली ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी गाडी घेतली. अडीच वर्षं गाडीबद्दल एका शब्दाची तक्रार नव्हती. चिखलातून ती ज्या तऱ्हेने निघते त्याचं मी चार लोकांत कौतुकच केलं आहे.

मे २०२५ मध्ये एका बांधावरच्या दगडांनी मागच्या दोन्ही टायरच्या भिंती कापल्या. आपल्या अधिकृत सेवा केंद्रात मागे दोन नवे टायर बसवून घेतले. पुढच्या जुन्या टायरची नक्षी तेव्हा ३ मिलिमीटर उरली होती, हे त्यांच्याच कागदावर आहे. नव्या टायरची ८ होती. चारही बदलायला हवेत का, असं मी विचारलं. उत्तर मिळालं, "कशाला काका, पुढचे अजून वर्षभर चालतील." माझे पैसे वाचवले म्हणून मी त्या मुलाला धन्यवादही दिले. गाडीसोबतची पुस्तिका मी पुढे सप्टेंबरात उघडली. चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि सारखे झिजलेले असावेत, असं तुम्हीच तिच्यात छापलं आहे.

जूनच्या अखेरीस गाडी गायला लागली. हा शब्द थट्टेने वापरलेला नाही. खडखड नाही, कटकट नाही, एक सलग बारीक सूर. मागच्या सीटवर जास्त, पुढे कमी.

१४ जुलैला पहिल्यांदा गाडी दाखवली. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने एक चक्कर मारली, गावातल्या गर्दीत, ताशी तीसच्या वेगाने, एसीचा पंखा तीनवर आणि एफएम चालू. मी शेजारी बसलो होतो. आवाज साठच्या पुढे नीट कळतो, असं सांगितलं तर म्हणाले, "ऑल-व्हीलमध्ये एवढा आवाज नॉर्मल असतो." जॉब कार्डवर तेच लिहिलं. आधीची अडीच वर्षं हीच गाडी ऑल-व्हील नव्हती काय, हा प्रश्न मी गिळला.

२२ ऑगस्टला व्हील बेअरिंगचा संशय घेऊन पुढची दोन्ही बेअरिंग बदलली. बिल १७,८५० रुपये. आवाज तसाच. जुनी बेअरिंग मी मागून घेतली, आजही माझ्या कामाच्या पाटावर आहेत. बोटांत धरून फिरवली तर लोण्यासारखी फिरतात. ८ ऑक्टोबरला सांगितलं की आवाज टायरचा आहे, चारही बदला. म्हणजे मे महिन्यात जे मी विचारत होतो ते ऑक्टोबरात उत्तर म्हणून आलं, आणि तेही चुकीच्या कारणासाठी.

तेव्हा मी स्वतः कान लावायचं ठरवलं. मी मेकॅनिक नाही. पण तंबोऱ्याच्या घोडीवर कानस मारून जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, काढताना केसाएवढा फरक ऐकण्यात माझी चाळीस वर्षं गेली आहेत, आणि आवाज कुठून येतो हे ठरवायला आधी तो कशाबरोबर बदलतो हे बघावं लागतं, एवढं मला कळतं. मिरज-सांगोला रस्त्यावर पहाटे, रहदारी नसताना, मुलगा चालवत होता आणि मी मागच्या सीटवर फोनमधला ट्यूनर घेऊन बसलो. वेग जीपीएसवर पाहिला, कारण गाडीचा काटा थोडा पुढे दाखवतो.

ताशी ८० ला सूर पेटीवरची काळी चार, ४१५ हर्ट्झच्या आसपास. ६० ला काळी दोन. ४० ला कान देऊन ऐकावा लागतो, पण तिथे तो बरोबर एक सप्तक खाली येतो, बायकी तंबोऱ्याच्या जोडाच्या तारांचा सूर. ४० ला सा धरला तर ६० ला पंचम आणि ८० ला तार षड्ज. एवढं सुरेल प्रमाण निघतं याचा अर्थ आवाज चाकांच्या फिरण्याशी बांधलेला आहे. तो इंजिनाचा नाही हेही लगेच कळलं. वेग ८० चाच ठेवून मुलाने गिअर सहावरून चारवर आणला, इंजिन ओरडायला लागलं, पण सूर काळी चारवरून हलला नाही.

मग पाय. अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबलेला असताना सूर स्पष्ट, पाय उचलला की जवळजवळ गप्प, पुन्हा दाबला की हजर. व्हील बेअरिंग खराब असेल तर ते पायाकडे सहसा बघत नाही. ते वळणाकडे बघतं, कारण वळताना गाडीचं वजन बाहेरच्या चाकावर जातं. मोकळ्या रस्त्यावर गाडी डावी-उजवी हलकी झुलवून पाहिली, सुरात काडीचा फरक नाही. काँक्रीट संपून डांबर लागलं तेव्हा खालची एक जाडी घरघर बदलली, सूर मात्र तोच. ती घरघर पुढच्या झिजलेल्या टायरची आहे, मला मान्य आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. दोन आवाज एकात मिसळले आहेत आणि आपल्या माणसांनी त्यातला सोपा तेवढा ऐकला.

पूर्ण वळण घेऊन सावकाश गाडी फिरवली, टकटक नाही, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांचे सांधे, सीव्ही जॉइंट, ठीक असावेत. गिअर टाकताना धक्का नाही, म्हणजे ताकद मागे नेणाऱ्या लांब दांडीच्या, प्रोपेलर शाफ्टच्या, क्रॉसमध्येही फार सैलपणा नसावा. वेगाबरोबर सूर धरून चढणारा आणि पाय उचलला की विरणारा आवाज उरतो तो गिअरच्या दातांचा, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलमधला. टायरला खडूची खूण करून अंगणात एक फेरा मोजला. मागचं चाक २ मीटर १९ सेंटिमीटर, पुढचं २ मीटर १६. ताशी ८० ला मागचं चाक सेकंदाला साधारण १०.१५ फेरे घेतं. ४१५ ला त्याने भागा, ४१ येतात. माझ्या मागच्या डिफरन्शियलच्या मोठ्या चक्राला, क्राऊन गिअरला, किती दात आहेत ते आपल्या ड्रॉइंगमध्ये असेलच. कृपया मोजून कळवावं.

तीन सेंटिमीटरचा फरक किरकोळ वाटतो. पण एका किलोमीटरला पुढचं चाक ४६३ फेरे घेतं आणि मागचं ४५७. सहा फेऱ्यांचा फरक, दर किलोमीटरला, सरळ रस्त्यावरसुद्धा. हा फरक मागच्या डिफरन्शियलच्या पुढे बसवलेल्या, मागच्या चाकांकडे ताकद सोडणाऱ्या कपलिंगमधल्या क्लचच्या चकत्यांनी घसरून पचवायचा. वळणावर थोडा वेळ घसरण्यासाठी त्या केल्या आहेत, मिरज ते पंढरपूर आणि परत घसरत जाण्यासाठी नव्हे. वर मागच्या दातांना कधी उसंत नाही, सतत रेटा. तंबोऱ्याची एक तार दुसरीपेक्षा जरा चढी लावून महिनाभर छेडत राहिलं तर बिघडतात फक्त कान. इथे लोखंड बिघडतं.

५ डिसेंबरला चौथ्यांदा गेलो आणि हट्ट धरला की डिफरन्शियलचं ऑइल माझ्यासमोर काढा. एका तरुण मेकॅनिकने गाडी रॅम्पवर चढवली. बोल्ट सुटला, ऑइल आलं ते चहाच्या गाळासारखं काळपट, वासाला जळकं. बोल्टच्या लोहचुंबकावर राखाडी लगदा होता. तो म्हणाला, "लगदा थोडा असतोच काका, त्याचं काही नाही." खरं आहे. मग त्याने अंगठ्याने लगदा पुसला आणि हात झटकन मागे घेतला. त्यात दोन चकाकत्या कपच्या होत्या, टोचणाऱ्या. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सहा महिन्यांत माझी तक्रार ऐकून घेतलेला तो पहिला माणूस, आणि त्याच्या नोकरीवर गदा येऊ नये म्हणून मी त्याचं वर्णन याहून जास्त करणार नाही. कपच्या मी जवारीच्या दोऱ्याच्या डबीत ठेवल्या आहेत. त्या दिवसाच्या जॉब कार्डवर काय लिहिलं आहे? "गिअर ऑइल बदलले, आवाज कमी." आठ दिवसांत सूर पुन्हा पूर्ववत झाला.

आता इस्टिमेट आलं आहे, मागचं डिफरन्शियल आणि कपलिंग मिळून २,६४,००० रुपये, आणि सोबत निरोप, की वॉरंटी ११ नोव्हेंबरला संपली, सगळा खर्च ग्राहकाचा. माझी पहिली तक्रार १४ जुलैची आहे. वॉरंटीला तेव्हा चार महिने शिल्लक होते. ते चार महिने मी घालवलेले नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. या बिघाडाची तारीख १४ जुलै २०२५ धरावी आणि दुरुस्ती वॉरंटीत करून द्यावी. बेअरिंगचे १७,८५० रुपये परत मिळावेत. नवे आणि झिजलेले टायर एकत्र बसवण्याचा सल्ला आपल्या केंद्राने आपल्याच पुस्तिकेविरुद्ध दिला, त्यामुळे पुढचे दोन टायर आणि कपलिंगची तपासणी त्यांच्या खर्चाने व्हावी. आणि खोलण्याआधी कंपनीचा तांत्रिक अधिकारी पाठवून निदान लेखी द्यावं : कुठली चाचणी केली, तेव्हा आवाज कसा बदलला, त्यावरून कुठला भाग ठरवला. मी चूक असेन. कदाचित दात शाबूत असतील आणि क्राऊन गिअरला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचं, पिनियनचं, बेअरिंग सैल होऊन दातांची बैठक हलली असेल. तो फरक उघडून पाहिल्याशिवाय कळणार नाही, पण निदान बरोबर ठिकाणी तरी उघडा. अंदाजाने पार्ट बदलत गेलात तर पुढच्या वेळी गिअरबॉक्सची पाळी येईल.

३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. वकिलाशी बोलून झालं आहे. तशी वेळ येऊ नये अशी इच्छा आहे, कारण गाडी मला अजूनही आवडते.

गाडी सध्या दारात उभी आहे, भोपळे आणायला भाड्याचा टेम्पो लावतो आहे. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी पहाटे सहाला यावं, तेव्हा सांगोला रस्ता मोकळा असतो. एफएम बंद ठेवावा ही विनंती.

आपला,
एक ग्राहक
तंतुवाद्य कारागीर, मिरज

सोबत : चार जॉब कार्डांच्या आणि टायर-बेअरिंगच्या बिलांच्या प्रती, आवाजाची तीन रेकॉर्डिंग (४०, ६० आणि ८० च्या वेगाची), लोहचुंबकाचा फोटो. कपच्या माझ्याकडेच राहतील, त्या समक्ष दाखवीन.