अ‍ॅमस्टरडॅम म्हणजे फक्त ट्युलिप नाहीत हो!

मा. संपादक,
तुमच्या पर्यटन पुरवणीत अ‍ॅमस्टरडॅम म्हटलं की कालवे, म्युझियम, ट्युलिप, बास. लाइद्सेप्लाइन चौकाजवळचं मेल्कवेख कुणी लिहीतच नाही. दुधाच्या जुन्या कारखान्यात १९७० पासून चालणारं हे ना-नफा केंद्र, लाइव्ह म्युझिक, सिनेमा, नाटक, प्रदर्शनं सगळं एकाच छताखाली. छोटा पूल ओलांडायचा की दार. मोठा हॉल भारीच, पण मला जुना, लहान हॉल जास्त आवडला, कारण तिथे ड्रमचा ठोका थेट छातीत बसतो आणि गिटारवाल्याची बोटं पण दिसतात (कानात घालायला इअरप्लग मात्र न्याच). पुढच्या वेळी ट्युलिपचा एखादा फोटो कमी करा आणि याला अर्धं पान तरी द्या की.
– एक नियमित वाचक