शिफारस करताना पाने नव्हे, तास सांगा

महोदय,

शनिवार-रविवारी काय वाचावे हे सांगणाऱ्या सदरांत पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक आणि पृष्ठसंख्या छापतात आणि खाली ‘एकदा हातात घेतले की ठेववत नाही’ असा शेरा मारतात. सुट्टीतल्या वाचकाला याचा फारसा उपयोग नाही. साठलेली कामे, झोप आणि आलागेला वजा जाता त्याच्या हाती दीड-दीड तासाच्या तीन बैठका उरतात, फार तर चार. म्हणजे साडेचार ते सहा तास. एवढ्यात हे पुस्तक संपेल का, हे त्याला आधी हवे असते, आणि ते पृष्ठसंख्येवरून कळत नाही.

डेमी, म्हणजे पुस्तकांच्या एका नेहमीच्या आकाराच्या पानावर २९ ओळी आणि ओळीत सरासरी ९ शब्द असतील, तर पानाला २६१ शब्द होतात. त्याच आकारात अक्षर मोठे ठेवून २२ ओळी आणि ओळीत ८ शब्द बसवले की १७६च. दोन्ही पुस्तके २०० पानांची, पण पहिल्यात ५२ हजार शब्द आणि दुसऱ्यात ३५ हजार. मिनिटाला १८० शब्द धरले तर पहिल्याला पाच तासांना थोडे कमी लागतात, दुसरे सव्वातीन तासांत हातावेगळे होते. सदरात मात्र दोघांपुढे ‘पृष्ठे २००’ एवढेच.

हा हिशेब करायला पाच मिनिटे पुरतात. पुस्तकाच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटाकडचे असे एकेक भरलेले पान घ्यायचे. प्रत्येकावर दहा ओळींतले शब्द मोजून दहाने भागायचे, पानावरच्या ओळींनी गुणायचे आणि तिन्हींची सरासरी काढायची. प्रकरणाचे पहिले पान घेऊ नये, ते अर्धे कोरे असते. पृष्ठसंख्येतून अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका, टिपा, संदर्भसूची आणि नामसूची वजा करायला विसरू नये. इतिहासाच्या साडेतीनशे पानी ग्रंथात शेवटची ६०-७० पाने टिपांची निघतात आणि वाचक उगाच घाबरून तो बाजूला ठेवतो.

वेग काढताना इंग्रजी आकडे उसने घेऊ नयेत. इंग्रजीत मूकवाचनाची सरासरी मिनिटाला २३८ शब्द सांगतात, पण मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा आपल्याकडे एकच शब्द आहे. म्हणून कथा-कादंबरीला १८० आणि वैचारिक गद्याला १२० धरले की हिशेब सहसा चुकत नाही. ज्याला स्वतःचा वेग हवा, त्याने दहा मिनिटे नेहमीसारखे वाचून शब्द मोजावेत. घाईने वाचून काढलेला आकडा रविवारी संध्याकाळी तोंडघशी पाडतो.

नाटकाला हे गणित तसेच्या तसे लावू नये. संवादांमुळे ओळी तोकड्या असतात. शंभर पानी नाटकात पानाला १६० शब्द धरले तरी १६ हजारच होतात, म्हणजे जेमतेम दीड तास. पण दोघातिघांनी मोठ्याने वाचायचे ठरले, तर मिनिटाला १२०च्या वर जाऊ नये, नाहीतर विराम मरतात. कवितासंग्रहाला तास सांगणेच चूक. ‘एका बैठकीत आठ-दहा कवितांपुढे जाऊ नका’ एवढे सांगितले की पुरे.

शिफारशीत आवृत्तीही हवी. मुखपृष्ठावर तिसरी आवृत्ती असते आणि आत श्रेयपानावर, म्हणजे प्रकाशक-मुद्रणाचा तपशील देणाऱ्या सुरुवातीच्या पानावर, निव्वळ तिसरे मुद्रण, असे होते. पुनर्मुद्रणात मजकूर तोच असतो. आवृत्ती बदलली तर प्रकरण वाढलेले किंवा गाळलेले असू शकते. अनुवाद असेल तर तो मूळ भाषेतून आहे की मधल्या तिसऱ्या भाषेतून, पूर्ण आहे की संक्षिप्त, हे श्रेयपान आणि अनुवादकाचे मनोगत पाहून सांगावे. संक्षिप्त आवृत्ती वाईटच असते असे नाही, फक्त ती न सांगता गळ्यात मारू नये.

श्रेयपानावरचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक छापलात, तर नेमकी हीच आवृत्ती मागवता येते. १ जानेवारी २००७ पासून तो १३ अंकी आहे. त्याआधीच्या पुस्तकांवर १० अंकी सापडतो. छापण्यापूर्वी तेरा अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करावी. बेरजेचा शेवटचा अंक शून्य आला नाही, तर कुठेतरी अंक चुकला आहे. एकच अंक चुकला असेल तर तो यात हमखास सापडतो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुधा सापडतात. फक्त त्या दोन अंकांत ५ चा फरक असेल तर चूक निसटते.

वाचकालाही एक सुचवावे: पुस्तक शुक्रवारीच चाळून घ्या. छपाई फर्म्यांत होते, सहसा १६ पानांचा एक फर्मा. बांधणीत एखादा फर्मा गळतो, दोनदा लागतो किंवा उलटा शिवला जातो. चूक सांध्यावर दिसते, म्हणून १६-१७, ३२-३३, ४८-४९ असे क्रमांक पाहत जावे. आरंभीच्या पानांना वेगळे क्रमांक असले तर सांधे पुढेमागे सरकतात. मग पाने शिवलेली असतात त्या पाठीकडच्या कडेला घड्या जिथे सुट्या दिसतात तिथे पाहावे. रविवारी दुपारी ९६ नंतर थेट ११३ निघाले तर प्रत बदलून घ्यायला वेळ उरत नाही.

आता स्तंभलेखकांच्या खबरबातीविषयी. ‘या आठवड्यात तापाने अंथरुणावर होतो’, ‘घर बदलले’, ‘नातवंडे आली आहेत’ अशी वाक्ये पुष्कळांना फापटपसारा वाटतात. माझ्या मते ती ठेवावीत. तापात वाचलेली कादंबरी आणि पोरांच्या गलक्यात वाचलेली कादंबरी यांवरचे मत सारखे नसते, आणि वाचकाला ते तोलता येते. मात्र त्याच सुरात तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: लेखक किंवा अनुवादक ओळखीचा आहे का, पुस्तक भेट आले का, आणि ते पूर्ण वाचले का. ‘पान ९० पर्यंत वाचले, पुढचे बाकी’ असे लिहिण्यात कमीपणा कसला?

आठवड्याला चार पुस्तके सुचवण्याचा हव्यासही सोडावा. एक मुख्य पुस्तक आणि जोडीला अर्ध्या तासात होणारी एखादी कथा किंवा लेख बस्स. मुख्य पुस्तकाची नोंद अशी होऊ शकते: ‘कादंबरी, मजकुराची पाने १७६, पानाला २६० शब्द, सुमारे सव्वाचार तास. दुसरी आवृत्ती, शेवटचे प्रकरण नवे. तीन पिढ्या आणि १४ पात्रे. नावे आणि नाती खूणपट्टीवर लिहून ठेवा, नाहीतर चौथ्या प्रकरणात गोंधळ होतो. पहिली २० पाने संथ आहेत, ती एका बैठकीत ओलांडा. शनिवारी सातव्या प्रकरणापाशी थांबा. आठवे मोठे आहे, ते ताज्या डोक्याने वाचा.’ कथानक फुटलेले नाही, आणि ‘अप्रतिम’ हा शब्द कुठे लागला नाही.

आपला,
एक वाचक