दाळमिलचं कोटेशन आणि आईची वही

पुणे

तीर्थस्वरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

दाळमिलचं कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर पोचलं. यंत्राची किंमत, मोटार, चाळण्या, वाहतूक, जीएसटी सगळं आहे त्यात. दाळ कोण घेणार, एवढंच नाही. यंत्र विकणाऱ्याने ते लिहावं अशी अपेक्षाही नाही म्हणा. ते पान आपण लिहायचंय, आणि यंत्राला बयाणा देण्याआधी लिहायचंय.

बाबा, शेतीत पेरणी आधी आणि भाव नंतर. माल मोंढ्यावर गेला की आडतीवर जे निघेल ते पदरात घ्यायचं. ही सवय घेऊन मिल टाकली तर तीही तशीच चालेल: दाळीचे कट्टे ओसरीवर लागलेले आणि आपण "कुणी घेतं का" विचारत फिरतोय. म्हणून यंदा यंत्र घेऊच नका. तीन क्विंटल तूर बाजूला काढा, दुसऱ्याच्या मिलवर भरडून आणा आणि विकून बघा. लातूर-उदगीरच्या पट्ट्यात मिलांना काय तोटा आहे?

गिऱ्हाईक शोधायला येळवशीसारखा (वेळ अमावस्येसारखा) दिवस नाही. पुण्या-मुंबईचं सगळं गणगोत त्या दिवशी रानात असतं. आई, भज्जी-आंबील झाली की तू वही उघड. भाव स्पष्ट सांग: फेब्रुवारीत नवी दाळ, बिनपॉलिशची, किलोला 140 रुपये, पार्सलचा खर्च वेगळा, आणि 10 किलोमागे 500 रुपये आगाऊ. "लई भारी दाळ असती तुमची" याला ऑर्डर म्हणायचं नाही. 500 रुपये हातात आले तरच नाव वहीत. पाव्हण्यांकडं पैसे मागायला जड जाईल, पण त्याच अवघडलेपणात खरी मागणी कळते. 20 घरांनी 10-10 किलो सांगितली तर दोन क्विंटल दाळ ठरली, तीन क्विंटल तुरीतून साधारण तेवढीच निघते. आठच घरांनी पैसे दिले तर सव्वा क्विंटल तूर भरडा आणि उरलेली मोंढ्यावर घाला. त्यात बुडलं काहीच नाही.

आता हिशेब. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही त्या दिवशीचे टाका. 2025-26 चा तुरीचा हमीभाव 8,000 आहे, मी क्विंटलला 7,500 धरले. घरची तूर म्हणून शून्य लिहायचं नाही, मोंढ्यावर तिचे जे आले असते तेच लिहायचे. भरडाई 600, नेण्या-आणण्याचे 300, पिशव्यांचे 150. दाळ निवडायला आईचा एक दिवस, त्याचे 300. (आईचा दिवस हिशेबात धरायचा. बाई लावली असती तर तिलाही दिलेच असते की.) झाले 8,850. शंभर किलोतून 70 किलो दाळ निघाली, चार किलो घट आणि कचरा गेला, राहिली 26 किलो चुनी (दाळीचा चुरा) आणि भुसा. ती 20 च्या भावाने ढोराच्या खाद्याला गेली तर 520 परत. म्हणजे दाळ पडली किलोला 119 रुपयांना. 140 ने विकली तर 21 रुपये सुटतात, 210 किलोवर 4,400 च्या आसपास.

हाच हिशेब जरा हलवून बघा. उतारा, म्हणजे शंभर किलोतून निघणारी दाळ, 70 ऐवजी 65 आला तर दाळ 127 ला पडते. उतारा 70 च आला पण चुनी-भुसा मिलवाल्याने ठेवून घेतला, तर 126. दोन्ही एकदम झालं तर 136, म्हणजे एवढ्या खटाटोपाचे किलोमागे चार रुपये. विकायचा भाव आपल्याला फारसा वाढवता येत नाही. हातात आहे तो उतारा आणि चुनी. म्हणून मिलवर तूर टाकण्याआधीच बोलून घ्या: चुनी आमची, भुसा आमचा. काही ठिकाणी तो न विचारताच ठेवून घ्यायची रीत असते, आणि नंतर बोललं की भांडण होतं. तूर आत जाताना वजन करा. परत येताना दाळ, चुनी, भुसा आणि न फुटलेला गोटा (सोललेला अख्खा दाणा) यांची चार वजनं वेगळी करा आणि वहीत लिहा. बेरीज शंभराच्या फारच खाली आली तर घट कुठं गेली हे तिथंच उभं राहून विचारा.

उतारा का पडतो हे बाबांना ठाऊक असायला हवं, नाहीतर मिलवाला सांगेल ते खरं मानावं लागेल. तुरीची साल आणि आतली दाळ यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो, त्यामुळं ती हरभऱ्यासारखी पटकन सुटत नाही. आधी माल साफ करून चाळणीवर दोन-तीन आकारांत वेगळा करतात. रोलरची फट एकाच आकाराला जुळते. बारीक दाणा तसाच निसटतो आणि मोठ्याचा चुरा होतो, म्हणून ही पायरी गाळणाऱ्याकडं तूर देऊच नका. मग एमरीच्या, म्हणजे खरखरीत दगडाच्या, रोलरवरून एक हलका फेर देऊन सालीवर ओरखडे पाडतात, क्विंटलला 300 ते 500 ग्रॅम खायचं तेल चोळतात, रात्रभर ढीग झाकून ठेवतात आणि दोन-तीन दिवस उन्हात वाळवतात. त्यानंतर क्विंटलला दोन-अडीच लिटर पाणी शिंपडून पुन्हा रात्रभर ढीग आणि पुन्हा ऊन. साल सैल झाली की मग भरडायचं. पाणी जास्त झालं तर दाणा मऊ पडून चुरा होतो. वाळवण कमी पडली तर साल चिकटून राहते, आणि ती काढायला फेर वाढवले की दाळीच्या कडा झिजतात. अशी दाळ चकचकीत दिसते, बघणाराही खूश होतो, पण ती चकाकी म्हणजे आपलंच वजन चुनीत गेलेलं असतं.

लाल आणि पांढरी तूर एकत्र करू नका. बीएसएमआर-736 हे वाण लाल आहे, बीडीएन-711 पांढरं. दाण्याचा आकार सारखा नसला तर वरचीच अडचण, शिवाय गिऱ्हाइकाला पुढच्या वर्षी तीच चव देता आली पाहिजे.

या सगळ्यात ऊन लागतं, त्यामुळं मिल चालते ती जानेवारी ते मे. पावसाळ्यात वाळवण होत नाही. कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने येतो. समजा दीड लाखाचं यंत्र घेतलं, वर्षाला हप्ते 36,000, एमरी-पट्ट्यांची दुरुस्ती 8,000, विजेचा स्थिर आकार 6,000, म्हणजे 50,000. स्वतःच्या मिलवर भरडाईचे 600 वाचून मजुरी, तेल, वीज मिळून 400 लागले, तर क्विंटलमागे 1,670 रुपये सुटतील. नुसता खर्च भागायला 30 क्विंटल तूर, म्हणजे 2,100 किलो दाळ, म्हणजे 10-10 किलो घेणारी 210 घरं. आत्ता वहीत 20 घरांची आशा आहे. लोकांची तूर भरडून भागवू म्हणाल, तर 600 घेऊन 200 च राहतात आणि 250 क्विंटल भरडावे लागतात. एवढं वाळवायला अंगण कुठाय आपल्याकडं? यंत्राचा विषय 210 घरांजवळ गेल्यावर काढू.

तेव्हा पीएमएफएमई (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांना अनुदान देणारी केंद्राची) योजना चालू आहे का ते कृषी कार्यालयात विचारा. अनुदान 35 टक्के, कमाल 10 लाख, स्वतःचे किमान 10 टक्के. पण ते पैसे हातात येत नाहीत. बँकेत वेगळे राहतात आणि खातं नीट चाललं तर तीन वर्षांनी कर्जात वळते होतात. "35 टक्के माफ" असं समजून कर्ज काढलेला माणूस तिसऱ्या हप्त्याला अडकतो. आणि मोटार शेतीपंपाच्या लाइनवर जोडायची नाही, त्याला वेगळं कनेक्शन लागतं. पकडलं तर दंड येतो.

यंदापुरते कागद थोडे आहेत. उद्यम नोंदणी आधारवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. अन्न सुरक्षेची नोंदणी काढून घ्या. पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, आपलं नाव-पत्ता आणि तक्रारीचा फोन नंबर छापा. जीएसटी नोंदणीची मर्यादा 40 लाखांची आहे, ते दूर आहे.

दोन गोष्टींना नाही म्हणायचं. एक, किराणावाल्याची महिनाभराची उधारी. पाच क्विंटल दाळ उधार गेली की 60-65 हजार त्याच्या दुकानात अडकले, आणि पेरणीला बियाणं कशातून आणणार? दुसरं, भाव वाढेल म्हणून तूर भरून ठेवणं. 2015 ला दाळ किलोला 200 झाली होती, आणि 2017 ला हीच तूर 5,050 च्या हमीभावाने विकायला खरेदी केंद्रांवर रांगा होत्या. तो सट्टा आहे, आपला धंदा वेगळा. साठवायचीच वेळ आली तर दाळ करून साठवा, भुंगा अखंड दाण्यावर अंडी घालतो, दाळीला त्या मानाने कमी लागतो.

पैशाची मर्यादा मी 25,000 धरली आहे, तीन क्विंटल तुरीची किंमत आणि थोडं वर. औषधांचे आणि खरिपाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, त्याला हात नाही. बाबा, 50 किलोचे कट्टे उचलायचे नाहीत, 30 चेच भरून घ्या. गुडघ्याचा हिशेब कोटेशनमध्ये नसतो. मिलवर उभं राहताना तोंडाला रुमाल बांधा, भुशाची धूळ तुमच्या दम्याला चालणार नाही.

दाळ गेल्यावर दीड महिन्याने आईने प्रत्येक घरी फोन करायचा आणि एवढंच विचारायचं: संपली का, आणखी पाठवू का? "हो" म्हणणाऱ्यांपुढं खूण कर. त्या खुणा मोजून पुढच्या वर्षीची तूर ठरवू.

येळवशीच्या आदल्या रात्री मी येतेय. येताना तराजू आणि पावती पुस्तक आणते. मागच्या वर्षीची दाळ उरली असेल तर पाव-पाव किलोच्या पुड्या बांधून ठेव आई, आणि त्यातली एकही फुकट देऊ नकोस.

तुमची लेक