आधी विचारपूस, मग जादा तास

महोदय,

इंग्लंडमधील सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळांना २०११ पासून ‘प्युपिल प्रीमियम’, म्हणजे गरीब घरांतल्या मुलांच्या शिक्षणासाठी जादा निधी, मिळतो. गेल्या सहा वर्षांत कधीही मोफत जेवणाला पात्र ठरलेल्या प्रत्येक मुलामागे शाळेला वेगळी रक्कम दिली जाते आणि ती कशी वापरली हे शाळेला संकेतस्थळावर मांडावे लागते. ही पद्धत मला मनापासून पटते. मात्र हिशेबात शिकवणीचे तास सहज दाखवता येतात, मायेने केलेली विचारपूस दाखवता येत नाही.

माझ्या वर्गातली एक मुलगी पहिल्या तासाला बाकावर डोके टेकवून झोपायची. मी तिला दोनदा रागावले. आई आजारी असल्याने धाकट्या भावाला रात्रभर तीच सांभाळते, हे कळायला मला अख्खी सहामाही लागली. आजही ते बोचते. जादा गणिताआधी तिला कुणीतरी ‘जेवलीस का, झोपलीस का’ विचारायला हवे होते. एवढ्यासाठी प्रत्येक शाळेत स्वतंत्र व्यक्ती नेमावी, तिचा पगार अशाच निधीतून द्यावा. शिक्षकांच्या भरगच्च वेळापत्रकात हे काम कोंबू नये.

– एक निवृत्त शिक्षिका