मानहाइम स्टेशनवरच्या निळ्या जाकिटातल्या ताईंना

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. जाकिटावर नावाची पट्टी होती, पण माझा वाचायचा चष्मा बॅगेच्या तळाशी डिंकाच्या लाडवांखाली गेला होता. हे पत्र जर्मनमध्ये करून तुमच्यापर्यंत पोचवायचं काम लेकीकडे दिलंय. मराठीत लिहायचं कारण एवढंच की, लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला परदेशी एकटीने निघालेली बाई हल्ली आमच्याकडे प्रत्येक गल्लीत सापडते. तिनेही हे वाचावं.

मी साताऱ्याची. मुंबईहून फ्रँकफर्टचं विमान, विमानतळावरूनच गाडी, मानहाइमला गाडी बदलायची आणि पुढे फ्रायबुर्ग. लेकीने एका ए-फोर कागदावर सगळं लिहून दिलं होतं. फलाट क्रमांक ३, वेळ, सगळं. मानहाइमला मी फलाटावर वेळेच्या आधी हजर होते. गाडी आली, दोन-तीन मिनिटं थांबली आणि माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. पाटीवर मोठ्या अक्षरात ‘बाझल’ लिहिलेलं, आणि मला जायचं फ्रायबुर्गला. बाझल म्हणजे स्वित्झर्लंड! चुकून दुसऱ्या देशात उतरण्यापेक्षा न चढलेलं बरं, असा विचार केला. गाडी गेल्यावर फलाट रिकामा झाला, तेव्हा पोटात गोळा आला.

तुम्ही आलात आणि तिकिटाच्या कागदासाठी हात पुढे केलात. मी तो दिला नाही, आठवतंय? राग मानू नका. परक्या स्टेशनवर तिकीट कुणाच्या हातात द्यायचं नाही, हे आमच्या दादरने शिकवलेलं. तुम्ही हसलात, दोन पावलं मागे सरकलात आणि लांबूनच वाचलंत. मग ‘फ्लेक्सप्राइस’ या शब्दाकडे बोट दाखवलंत आणि सगळ्या फलाटावरून हात फिरवलात. म्हणजे त्या दिवशीची कुठलीही गाडी चालेल. विमानाचा भरवसा नाही म्हणून लेकीने महागातलं तिकीट काढलं होतं, आणि फोनवर मी तिला त्याबद्दल बोलले होते. स्वस्तातलं असतं तर ते त्या एकाच गाडीला बांधलेलं, आणि चूक माझी, म्हणजे नवीन तिकीट काढा. (लेकीला हे अजून कबूल केलेलं नाही. आता वाचेल.)

पुढच्या गाडीला तासभर होता. मला बाकावर बसवून ‘थांबा, मी येते’ म्हणून तुम्ही गेला असतात तरी मी जन्मभर नाव घेतलं असतं. तुम्ही मला हाताला धरून त्या पिवळ्या कागदापाशी नेलंत. पिवळा सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्यांचा. वेळेच्या ओळीने बोट खाली आणलंत आणि बारीक अक्षरांवर थांबवलंत: कार्ल्सरूऽ, ओफेनबुर्ग, फ्रायबुर्ग, आणि शेवटी ठळक बाझल. तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. अहो, ही तर आमची कोल्हापूरची गाडी! पाटीवर कोल्हापूर असतं आणि आम्ही साताऱ्याला उतरतो. चाळीस वर्षं त्याच गाडीने ये-जा केली आणि परदेशात गेल्यावर मात्र पाटीवर माझंच गाव हवं होतं.

मग डब्यांचा तक्ता. फलाटाचे ए, बी, सी, डी असे भाग, कुठला डबा कुठे लागणार ते आधीच छापलेलं. कुठे उभं राहायचं ते तुम्ही मलाच शोधायला लावलंत. एकदा चुकले, तर मान हलवून पुन्हा.

एवढं करून आम्ही जागेवर उभ्या राहिलो आणि वर भोंग्यात काहीतरी बोललं गेलं. तुम्ही बोट वर केलंत: ऐका. ‘हॉयटे’ म्हणजे आज, ‘ग्लाइस’ म्हणजे फलाट. हे दोन शब्द जोडीने आले की कान टवकारायचे, आज फलाट बदललाय. निळ्या पाटीवर पांढरी पट्टी सरकत होती, तीनच्या जागी पाच. माझी तेवीस किलोची बॅग तुम्ही ओढलीत, मी लहान घेतली, खाली भुयारात आणि पुन्हा वर. तुमचं वय माझ्यापेक्षा जास्तच असणार. दारात चढताना मी दहा युरोची नोट पुढे केली, त्यावर तुम्ही केलेला चेहरा अजून आठवतो.

तुम्ही ‘बानहोफ्समिसिओन’च्या, म्हणजे स्टेशनवर अडलेल्यांना मदत करणाऱ्या संस्थेच्या, हे लेकीकडून कळलं. बर्लिनमध्ये १८९४ साली हे काम सुरू झालं. खेड्यांतून शहरात कामाला येणाऱ्या मुलींना स्टेशनवरच गाठून फसवणारे असत, त्यांच्या आधी कुणीतरी भलं माणूस भेटावं म्हणून. आज शंभरेक स्टेशनांवर तुमची माणसं असतात. मी साठीची बाई, पण त्या फलाटावर माझ्यात आणि त्या मुलींमध्ये फारसा फरक नव्हता.

तीन महिन्यांनी परत निघाले तेव्हा गाडी थेट विमानतळाची होती, बदलायची नव्हती. फ्रायबुर्गच्या फलाटावर माझा डबा मी शोधला. जावई मागे नुसता बॅग घेऊन. मानहाइम आलं तशी लाडवांचा डबा हातात घेऊन दारात उभी राहिले. निळं जाकीट दिसलं, पण आत एक पोरगेला मुलगा होता. दार मिटायच्या आत त्याच्या हातात डबा कोंबला आणि हातवारे करून तुमची उंची, तुमचे पांढरे केस दाखवले. त्याला काय कळलं देव जाणे. पोचला असेल तर सांगते, लाडू डिंकाचे आहेत, कडक झाले असतील. दात सांभाळून खा.

तुमची,
साताऱ्याची, चुकीच्या पाटीकडे बघणारी बाई