पोग्ज डब्लिनचे नाहीत हो!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

17 मार्च, म्हणजे आयरिश लोकांचा सेंट पॅट्रिकचा सण, होऊन गेला, त्यानिमित्त तुमच्या रविवारच्या पुरवणीत आयरिश पंक (फास्ट, आरडाओरड्याचं रॉक) आणि फोक-पंकवर (तेच, पण लोकगीतं घेऊन) अर्धं पान आलं होतं ते वाचलं. आधी भारी वाटलं, मराठी पेपरात पोग्ज या माझ्या लाडक्या बँडचं नाव बघायला मिळेल असं या जन्मात वाटलं नव्हतं, बायकोला पण दाखवलं, ती म्हणाली तुझ्या त्या आरडाओरडावाल्यांचं आलंय का. पण पुढे वाचत गेलो आणि चहा गार झाला. लेखात म्हटलंय की पोग्ज हा डब्लिनचा बँड आणि एकूण हे सगळं संगीत म्हणजे बिअर, हिरव्या टोप्या आणि धमाल.

साहेब, पोग्ज डब्लिनचे नाहीत हो. लंडनचे. तिथल्या किंग्ज क्रॉस भागात 1982 मध्ये हा बँड सुरू झाला. त्यांचा गायक शेन मॅकगोवनचा जन्मसुद्धा इंग्लंडातला, केंट परगण्यातला, 25 डिसेंबर 1957, ऐन नाताळचा दिवस. आईवडील आयरिश, लहानपणाचा काही काळ टिपरेरीला आजोळी गेला, आणि मग परत लंडन. तुम्ही म्हणाल काय फरक पडतो, पुणेकर चुका काढायला टपलेलेच असतात. टपलेले असतो हे मान्य, पण फरक पडतो. उद्या कोणी लिहिलं की अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही गावाकडची लावणी आहे तर चालेल का तुम्हाला? ती छक्कड मुंबईत पोट भरायला आलेल्या माणसाची आहे, गाव मागे राहिलंय म्हणून तर ती आहे. पोग्जचं तेच. आयर्लंड सोडून आलेल्यांच्या पोरांनी, ज्यांना इंग्लंडात आयरिश म्हणून हिणवायचे आणि आयर्लंडात गेलं की इंग्लिश म्हणून चिडवायचे, त्यांनी आजोळची गाणी घेतली आणि पंकच्या स्पीडला वाजवली.

लेखातले बाकीचे दोन बँड बघा. फ्लॉगिंग मॉली लॉस एंजेलिसचा (गायक डेव्ह किंग तेवढा डब्लिनचा), ड्रॉपकिक मर्फीज 1996 साली बोस्टनशेजारच्या क्विन्सीत सुरू झाला. म्हणजे तिन्ही आयर्लंडच्या बाहेर, हा काय योगायोग नाहीये. 1845 ते 1852 च्या दुष्काळात तिकडे बटाट्यावर रोग पडला, दहा लाखाच्या आसपास माणसं मेली आणि तेवढीच किंवा जास्तच जहाजात बसून निघून गेली, पोचायच्या आत इतकी मरायची की त्या जहाजांना शवपेटी-जहाजं म्हणायचे. पोग्जच्या 1988 च्या अल्बममध्ये त्यांच्याच गिटारवाल्या फिलिप शेव्हरॉनचं 'थाउझंड्स आर सेलिंग' आहे ते याच जाणाऱ्यांबद्दल. आमच्या ग्रुपमधला एक जण बीडकडचा, चाकणला कंपनीत आहे, इंग्रजी बेताचंच, त्याला मी ते गाणं अर्थ सांगून ऐकवलं तर म्हणाला, दिवाळीत वाकडेवाडी स्टँडवर रात्री दीडला उभं राहिलं की असंच वाटतं. आता यात बिअर कुठे आली?

ग्रुप म्हणजे फार काही नाही, आम्ही सहा-सात जण, रविवारी तळजाईवर चालून आलो की खाली अमृततुल्यात बसतो आणि एकाच्या फोनवर गाणी लावतो, मालक वैतागतो पण क्रीमरोल खपतात म्हणून गप्प बसतो. त्यातले तिघं चहाच्या पलीकडे काही पीत नाहीत. मला हे वेड 1997 ला लागलं, मित्राच्या थोरल्या भावाने लंडनहून आणलेली पोग्जची कॅसेट आम्ही ब्लँक टीडीकेवर भरून घेतली होती. पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं टेपरेकॉर्डर खराब झालाय, फास्ट पळतोय, मी हेड साफ केलं, बेल्ट बघितला, मग कळलं गाणंच तसं आहे. मी तेव्हा पथकात ताशा वाजवायचो त्यामुळे कानाला ती लय लगेच सापडली, वर टिन व्हिसलचा (पत्र्याच्या छोट्या बासरीचा) तार सूर आणि खाली अकॉर्डियन, बँजो आणि ड्रम नुसते धावतायत. त्यांच्यातला स्पायडर स्टेसी तर बिअरचा लोखंडी ट्रे स्वतःच्या डोक्यावर आपटून ताल द्यायचा, हे आमच्या पथकातल्या झांजवाल्याला सांगायला नको होतं, त्याने स्टीलची थाळी घेऊन प्रयोग केला आणि दोन दिवस टेंगूळ घेऊन फिरला.

दारूचं म्हणाल तर खोटं कशाला बोलू, मॅकगोवन बेसुमार प्यायचा, 1991 ला जपानच्या दौऱ्यात बँडने त्याला काढून टाकलं ते त्याच पायी. पण गाण्यात दारू आहे ती बहुतेक वेळा पस्तावलेली. तुम्ही ज्याला 'गोड नाताळगीत' म्हटलंय ते 'फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क' सुरू होतं ते नाताळच्या आदल्या रात्री दारुड्यांना डांबायच्या कोठडीत, पुढे एक नवरा-बायको एकमेकांना यथेच्छ शिव्या घालतात. परदेशात गेले, स्वप्नं होती, काही झालं नाही, आणि आता सणाच्या दिवशी भांडतायत. 1987 ला ते इंग्लंडात खपाच्या यादीत दोन नंबरपर्यंत गेलं आणि तिथेच अडलं, तरी दर डिसेंबरला परत वर येतं. कोथरूडमध्ये ज्या घरातला मुलगा न्यू जर्सीला आहे आणि दिवाळीचा फराळ कुरिअरने जातो, त्या घरात हे गाणं समजावून सांगायला लागणार नाही.

यंदा 17 मार्चला एका पबमध्ये आयरिश नाइट आहे म्हणून आम्ही चौघं गेलो होतो (नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको), माणशी हजार रुपये एंट्री, दारात हिरवी प्लास्टिकची टोपी दिली, आत दोन तास पंजाबी गाणी. डीजेला जाऊन म्हटलं एखादं पोग्जचं लाव, तो म्हणाला काका, फॉग्ज काय असतं. तुमचा लेख वाचून वाटलं त्याच डीजेला विचारून लिहिलाय की काय. राग मानू नका.

आणि खुद्द आयर्लंडातलं पंक तर तुम्ही सोडूनच दिलं. उत्तर आयर्लंडातल्या बेलफास्टमध्ये रस्त्यारस्त्यावर सैनिक उभे होते, गल्लीच्या या टोकाला कॅथलिक आणि त्या टोकाला प्रोटेस्टंट, अशा काळात 1977 ला स्टिफ लिटल फिंगर्स हा बँड सुरू झाला आणि दोन्हीकडची पोरं एकाच हॉलमध्ये येऊन नाचली. तिथल्याच डेरी गावच्या अंडरटोन्स बँडचं 'टीनेज किक्स' हे गाणं बीबीसी रेडिओवर निवेदक जॉन पीलने लागोपाठ दोनदा वाजवलं. त्यांचा गायक फर्गल शार्की आता काय करतो माहितीये? इंग्लंडातल्या नद्यांत सांडपाणी सोडणाऱ्या कंपन्यांच्या मागे हात धुऊन लागलाय. मी भिडे पुलावरून नाक दाबून जाताना दरवेळी म्हणतो, बाबा एकदा मुठेवर ये.

आमच्या सोसायटीतले एक आजोबा नेहमी विचारतात आयर्लंडशी आपला संबंध काय. त्यांना म्हटलं, टिळकांनी 1916 च्या एप्रिलमध्ये होमरूल लीग काढली, तो होमरूल शब्द आला कुठून? आयर्लंडातूनच. आणि इंग्रजांविरुद्धचा डब्लिनचा उठावही त्याच महिन्यातला. आजोबा पेपर वर धरून बसले.

मॅकगोवन 30 नोव्हेंबर 2023 ला गेला. 8 डिसेंबरला टिपरेरीतल्या नीना गावच्या चर्चमध्ये अंत्यविधी झाला, समोर शवपेटी, आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष हजर, आणि नाताळचं ते गाणं सुरू झाल्यावर घरचे लोक उठून नाचायला लागले. मी तो व्हिडिओ ऑफिसच्या बसमध्ये बघितला, शेजारच्याने विचारलं कोणाचं लग्न आहे का, काय सांगणार.

तर एवढंच की किंग्ज क्रॉस, लंडन, 1982 असा खुलासा छापा. राशिभविष्याच्या खाली कोपऱ्यात छापला तरी चालेल, आम्ही शोधून वाचू.

आपला नेहमीचा वाचक,
सिंहगड रोड, पुणे

ता. क. लेखाशेजारच्या चित्रातली शॅमरॉकची (आयर्लंडची खूण असलेल्या हिरव्या पाल्याची) पानं चार दलांची आहेत. शॅमरॉकला तीन असतात, सेंट पॅट्रिकने म्हणे त्यावरूनच पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा समजावून सांगितला. चार दलांचा बेल तुम्ही महाशिवरात्रीला छापला असता का?