अभ्यासाचा ताण आणि मनाचा आजार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात मानसिक आरोग्याविषयी लेख नियमित येतात, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र त्यांतल्या बहुतेक लेखांचा भर ‘ताण घेऊ नका, मन मोकळे करा’ या सल्ल्यावर असतो. कोणत्या विकारात नेमके काय दिसते आणि ते किती दिवस टिकले म्हणजे डॉक्टरांकडे जायलाच हवे, हे त्यांतून वाचकाला कळत नाही. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना गेली अनेक वर्षे कॉट बेसिसवर खोल्या देणाऱ्या माझ्यासारखीला ही उणीव फार जाणवते, म्हणून हे पत्र.

सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत राज्याच्या कानाकोपऱ्यातून आलेली मुलेमुली राहतात. त्यांचे वय साधारण विशीचे असते आणि सिझोफ्रेनिया किंवा बायपोलर यांसारखे गंभीर विकार बहुधा याच वयात डोके वर काढतात. घरी असताना आईच्या जे पहिल्या आठवड्यात लक्षात आले असते, ते इथे रूम पार्टनर, मेसच्या काकू, अभ्यासिकेचा चालक किंवा घरमालक यांच्यापैकीच कुणाच्या तरी लक्षात यावे लागते. आणि या सगळ्यांकडे त्यासाठी एकच उत्तर तयार असते, ते म्हणजे अभ्यासाचे टेन्शन.

निकालाच्या दिवशी रडू येणे, चार दिवस जेवण न जाणे हा आजार नव्हे. नैराश्याच्या निदानासाठी उदासी किंवा कशातच गोडी न वाटणे यांपैकी किमान एक लक्षण दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज आणि निदान दोन आठवडे असावे लागते. त्याच्या जोडीला झोप व भूक बिघडणे, थकवा, हालचाली मंदावणे, लक्ष न लागणे, आपण अगदीच निरुपयोगी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे अशी लक्षणे असतात आणि अशा एकूण नऊ लक्षणांपैकी किमान पाच एकत्र दिसली, त्यांमुळे रोजचे जगणे अडले, तर डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात. आपल्याकडची मुले ‘मी उदास आहे’ असे क्वचितच सांगतात. डोके दुखते, अंग मोडून आले आहे, अपचन झाले आहे असे सांगतात. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारल्याने ते मनात पेरले जात नाहीत, उलट बोलायला वाट मिळते, हेही लोकांना माहीत असायला हवे.

याच्या उलट टोकाचा उन्माद तर कुणाला आजार वाटतच नाही. मुलगा रात्री दोन-तीन तास झोपतो, तरी ताजातवाना असतो; भराभर बोलतो, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारतो, ऐपतीबाहेर खर्च करतो, आपण राज्यात पहिले येणार याची त्याला खात्री असते. हे आठवडाभर चालले तरी मित्र कौतुकच करतात. निद्रानाशात झोप हवी असते पण येत नाही, उन्मादात मात्र झोपेची गरजच भासत नाही. हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. बायपोलर विकारात असे उन्मादाचे आणि नैराश्याचे कालखंड आलटूनपालटून येतात. त्यातल्या फक्त नैराश्याची माहिती डॉक्टरांना दिली आणि त्यावर नुसत्या नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या, तर उन्माद उसळण्याचा धोका असतो. म्हणूनच मागचा ‘जोरात असलेला’ महिना डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवा.

सिझोफ्रेनियाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे राहणाऱ्या एका मुलाचा मेसचा डबा जसाच्या तसा परत जाऊ लागला. भाजीत कुणीतरी औषध कालवते, असे त्याचे म्हणणे होते. पुढे त्याने खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि मोबाइल स्टीलच्या डब्यात बंद करून ठेवू लागला, कारण समोरच्या इमारतीतल्या लोकांना आपले विचार ऐकू जातात याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. अभ्यासिकेतले मित्र म्हणाले, पूर्व परीक्षा जवळ आली आहे, दुसरे काय. गावाहून अंगारा आला. डब्याची गोष्ट लावून धरली ती मेसच्या काकूंनी, आणि त्यांच्या आग्रहामुळेच वडील त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांत तो संशय ओसरला.

पुराव्याने न हटणारे असे भ्रम, इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येणे आणि असंबद्ध बोलणे ही या आजाराची ठळक लक्षणे. त्यांचे निदान लवकर होते, कारण ती सगळ्यांना दिसतात. पण चेहऱ्यावर भाव न उमटणे, बोलणे एकदोन शब्दांवर येणे, अंघोळ-कपड्यांचे भान सुटणे, काही करावेसेच न वाटणे ही लक्षणे त्याच आजाराची असतात, पुष्कळदा ती आधी येतात, आणि त्या काळात मुलाला आळशी ठरवले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत लक्षणांचा कालावधी किमान एक महिना धरला आहे, तर अमेरिकी निकषांत आजाराच्या खुणा सहा महिने दिसाव्यात असे म्हटले आहे. त्याचा अर्थ घरच्यांनी सहा महिने वाट पाहावी असा मुळीच नाही. उपचार जितके लवकर, तितके हिताचे.

चिंतेचे विकार यांहून वेगळे आणि संख्येने पुष्कळ. पॅनिक अटॅकमध्ये छातीत धडधड, घाम, गुदमरणे आणि आता आपण मरणार ही भीती काही मिनिटांत शिगेला पोहोचते. हृदयविकार नाही याची खात्री एकदा डॉक्टरांकडून जरूर करून घ्यावी. मंत्रचळात नको असलेला विचार पुन्हापुन्हा येतो आणि त्याची भीती शमवण्यासाठी हात धुणे, कुलूप तपासणे, मोजणे यांत रोज तासन्‌तास जातात. नेटकेपणाच्या आवडीशी त्याचा संबंध नाही, कारण त्या माणसाला स्वतःलाच त्याचा जाच होत असतो. अपघात किंवा अत्याचारानंतर महिनाभराहून अधिक काळ तोच प्रसंग डोळ्यांपुढे जिवंत होणे, त्याची आठवण देणारे सारे टाळणे, सतत दचकणे हे आघातोत्तर विकाराचे लक्षण.

अंगात येण्याबद्दलही लिहायला हवे. जत्रेत, देवीच्या पालखीपुढे, समाजाने मान्य केलेल्या विधीत कुणाच्या अंगात आले, तर वैद्यकशास्त्र त्याला आजार मानत नाही. पण तेच इच्छेविरुद्ध, वारंवार, विधीबाहेर घडू लागले आणि त्या व्यक्तीला त्याचा त्रास होऊ लागला, तर तो उपचारांचा विषय आहे. हा विवेक केल्याने श्रद्धेचा अपमान होत नाही.

आपण सामान्यांनी निदान करू नये, हे मला मान्य आहे. थायरॉइडच्या कमतरतेतही माणूस नैराश्यात असल्यासारखा दिसतो, व्यसनातूनही भास होतात, आणि हा उलगडा डॉक्टरच करू शकतात. आपल्याला फक्त पाहायचे आहे आणि वेळेवर सांगायचे आहे. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, तिथे मराठीत बोलता येते. येरवड्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि सिझोफ्रेनियाग्रस्तांच्या कुटुंबीयांना आधार देणारी ‘सिझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्थाही पुण्यातच आहे.

तेव्हा विनंती अशी, की मानसोपचारतज्ज्ञांकडून एकेका विकाराची लक्षणे, त्यांचा कालावधी आणि साध्या दुःखापासून त्यांचा फरक सांगणारे छोटे टिपण लिहून घ्यावे आणि 14416 या क्रमांकासह दर आठवड्याला छापावे. ते आरोग्य पुरवणीत न देता संपादकीय पानावर द्यावे, कारण चालू घडामोडींच्या अभ्यासासाठी अभ्यासिकांतली मुले रोज तेच पान वाचतात आणि कात्रणे काढून ठेवतात.

आपली विश्वासू,
एक वाचक, नारायण पेठ, पुणे